साक्षीच्या पिंजऱ्यातील डॉक्टर

श्रोतेहो, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शहाणा माणूस ती पाळण्याचा प्रयत्नही करतो. बांधाचा तंटा असो, भाऊबंदकी असो, होता होईल तो चावडीवर किंवा चार वडीलधाऱ्यांसमोर मिटवावा असेच आपल्याला वाटते. पण समाजात एक शहाणा माणूस असा आहे, की त्याला ही म्हण पाळण्याची सोय नाही. तो म्हणजे डॉक्टर. मारामारीत कोणाचे डोके फुटले, विहिरीत कोणाचे प्रेत सापडले, नव्या सुनेला एकाएकी ओकाऱ्या होऊन ती गेली, की पंचनामा होतो, शवविच्छेदन होते आणि मग कधीतरी, सहा महिन्यांनी म्हणा, दोन वर्षांनी म्हणा, डॉक्टरांच्या हाती समन्स पडते. दवाखान्यातील रोग्यांची रांग सोडून त्यांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते.

आता ही साक्ष इतरांच्या साक्षीपेक्षा वेगळी कशी, ते आधी पाहू. तुम्ही-आम्ही साक्ष द्यायला गेलो, तर जे डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, तेवढेच सांगायचे. ‘मला वाटते याने चोरी केली असावी’ असे आपण म्हणू लागलो, तर न्यायाधीश आपल्याला तिथेच थांबवतील. पण डॉक्टरांना मात्र त्यांचे मत मुद्दाम विचारले जाते. जखम तीन इंच लांब होती, हे डॉक्टरांनी पाहिलेले असते. ती जखम समोर ठेवलेल्या कोयत्याने होऊ शकते काय, हा मताचा प्रश्न झाला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ४५ ने तज्ज्ञाच्या अशा मताला जागा करून दिली होती. त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तो १ जुलै २०२४ पासून लागू झाला, आणि हीच तरतूद त्यात कलम ३९ मध्ये आहे. म्हणजे दीडशे वर्षांत कायद्याचे नाव पालटले, पण डॉक्टरांचा पिंजरा आहे तिथेच आहे.

मत देण्याची मोकळीक ही मोठी जोखमीची गोष्ट आहे. पाहिलेली गोष्ट खोटी सांगितली तर ती उलटतपासणीत पकडता येते. मताचे तसे नाही. त्यामागे विद्या असते, अनुभव असतो, आणि ऐकणाऱ्यांपाशी तर ती विद्या नसतेच. ‘डॉक्टरांनी लिहून दिलंय’ म्हटले की गावात वाद संपतो. म्हणूनच या माणसाने काय बोलावे, कुठवर बोलावे आणि कुठे थांबावे, हा नीतीचा प्रश्न होतो. आज मी या प्रश्नाचा इतिहास काही खटल्यांच्या आधारे आपल्यापुढे ठेवणार आहे. यांतले बरेचसे इंग्लंडमधले आहेत, कारण आपली आजची न्यायपद्धती तिकडून आली आणि तिच्याबरोबर हा पिंजराही आला.

पहिली गोष्ट १७८१ सालची. इंग्लंडमध्ये वॉरिक नावाचे गाव आहे. त्या मुलखातील लॉफर्ड हॉल या वाड्यात सर थिओडोशियस बाउटन नावाचा वीस वर्षांचा एक श्रीमंत तरुण राहत असे. १७८० च्या ऑगस्ट महिन्यात एके सकाळी त्याच्या आईने त्याला नेहमीचे औषध पाजले. औषधाला कडू बदामासारखा वास येत होता. मुलाला झटके आले, तोंडाला फेस आला, आणि थोड्याच वेळात तो मेला. संशय आला तो त्याच्या मेहुण्यावर, कॅप्टन जॉन डोनेलनवर. मुलाच्या पश्चात मिळकत बहिणीकडे, म्हणजे डोनेलनच्या बायकोकडे जाणार होती. शिवाय औषधाची बाटली त्याने लगबगीने पाण्याने विसळून टाकली होती. लॉरेल नावाच्या झाडाच्या पानांचा विषारी अर्क त्याने औषधात मिसळला, असा आरोप ठेवण्यात आला.

प्रेताची तपासणी झाली ती मृत्यूनंतर बऱ्याच दिवसांनी. तोपर्यंत ते कुजू लागले होते. तरीही खटल्यात सरकारतर्फे चार डॉक्टर उभे राहिले आणि चौघांनीही ठासून सांगितले, की मरण विषानेच आले. बचावाच्या बाजूने एकच डॉक्टर आला, पण तो होता जॉन हंटर. श्रोतेहो, हे नाव लक्षात ठेवा. त्या काळातील इंग्लंडमधला हा अग्रगण्य शस्त्रवैद्य. ज्या एडवर्ड जेन्नरने पुढे देवीची लस काढली, तो या हंटरचाच शिष्य. प्रेते फाडून शरीराचा अभ्यास करण्यात त्याचे सारे आयुष्य गेले होते. मेल्यानंतर शरीरात आपोआप कोणते बदल होतात आणि विषामुळे कोणते होतात, हे त्याच्याइतके जाणणारा माणूस त्या न्यायालयात दुसरा नव्हता.

हंटरने काय सांगितले? प्रेतात दिसलेल्या खुणा कुजण्यामुळेही होऊ शकतात, असे तो म्हणाला. तरण्याताठ्या माणसाला फेफऱ्याने किंवा मेंदूतील रक्तस्रावानेही असे मरण येऊ शकते, असेही त्याने सांगितले. न्यायमूर्ती बुलर यांना हे उत्तर पसंत पडले नाही. विष होते की नव्हते, ते एकदा स्पष्ट सांगा, असा त्यांनी पुन्हा पुन्हा आग्रह धरला. हंटरला तसे सांगता येईना. विष नव्हतेच, असे तो म्हणाला असता, तर बचावाच्या वकिलांनी त्याला डोक्यावर घेतले असते. होतेच, असे म्हणाला असता, तर न्यायमूर्ती खूश झाले असते. पण जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे म्हणायला तो तयार झाला नाही.

त्या काळी तिकडे बारा सामान्य नागरिकांची ज्यूरी दोषी की निर्दोष ते ठरवीत असे. आपल्याकडेही काही ठिकाणी ही पद्धत होती, ती आता उरलेली नाही. बुलर यांनी ज्यूरीला समजावताना दोन पारडी दाखवली. एका पारड्यात ठाम बोलणारे चार-पाच डॉक्टर, दुसऱ्यात नुसती शंका काढणारा एकटा हंटर. पारडे कुठे झुकले, ते सांगायला नकोच. ज्यूरीने अगदी थोड्या वेळात ‘दोषी’ असा निर्णय दिला आणि २ एप्रिल १७८१ रोजी डोनेलन फासावर गेला.

डोनेलन खरोखरच अपराधी होता का? त्यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. तो अपराधी असूही शकेल. बाटली का विसळली, याचे समाधानकारक उत्तर त्याला देता आले नव्हते. पण माझा मुद्दा वेगळा आहे. त्या दिवशी न्यायालयात सर्वांत जास्त जाणणारा माणूस सर्वांत कमी खात्रीने बोलला, आणि म्हणूनच त्याचे कोणी ऐकले नाही. डॉक्टरांवर पिंजऱ्यात कोणते दडपण येते, ते इथे उघड दिसते. न्यायालयाला निकाल द्यायचा असतो, त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ हवे असते. वैद्यकाकडे पुष्कळ वेळा ‘असू शकेल’ एवढेच असते. आणि ‘असू शकेल’ म्हणणारा माणूस लोकांना कच्चा वाटतो.

पुढे १८०३ साली मँचेस्टरचे डॉक्टर थॉमस पर्सिव्हल यांनी वैद्यकीय नीतीवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याशी कसे वागावे, सहकारी डॉक्टरांशी कसे वागावे, हे त्यात होतेच. पण कायद्याच्या कामात डॉक्टरांचे कर्तव्य काय, यावर त्यांनी एक संपूर्ण प्रकरण घातले. म्हणजे दवाखान्यातील नीती आणि न्यायालयातील नीती या दोन्हींचा एकत्र विचार करावा लागतो, हे तेव्हाच्या जाणत्या डॉक्टरांना उमगले होते.

आता दुसरी गोष्ट. साल १८५९. मधल्या काळात रसायनशास्त्र खूप पुढे गेले होते. हंटरच्या वेळी विष ओळखायचे ते वासावरून आणि लक्षणांवरून. आता काचेच्या नळीत, आम्लात, तांब्याच्या पत्र्यावर ते प्रत्यक्ष दाखवता येऊ लागले होते. या विद्येतले लंडनमधील सर्वांत मोठे नाव म्हणजे आल्फ्रेड स्वेन टेलर. गाय्‌ज हॉस्पिटलमध्ये ते १८३१ पासून न्यायवैद्यक शिकवत होते. त्यांचा ग्रंथ जिथे जिथे इंग्रजीतून वैद्यक शिकवले जाई, तिथे तिथे प्रमाण मानला जाई. विषप्रयोगाचा खटला उभा राहिला की टेलर आलेच.

लंडनजवळच्या रिचमंड येथे थॉमस स्मेथहर्स्ट नावाचा एक डॉक्टर राहत होता. घरी वयाने पुष्कळ मोठी अशी लग्नाची बायको असताना त्याने इझाबेला बँक्स नावाच्या चाळिशी ओलांडलेल्या बाईशी गुपचूप दुसरे लग्न लावले. बाईपाशी पैसा होता. १८५९ च्या वसंतात तिला ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले, ते थांबेचनात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना संशय आला. त्यांनी तिच्या मलाचा नमुना टेलरकडे पाठवला. टेलरने कळवले, की यात आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, आहे. मरणाच्या दोन दिवस आधी बाईने मृत्युपत्र करून आपली मालमत्ता स्मेथहर्स्टला देऊन टाकली होती. ३ मे रोजी ती वारली. स्मेथहर्स्टला आदल्याच दिवशी पकडले होते.

त्याच्या घरातून बऱ्याच बाटल्या जप्त झाल्या. त्यांतल्या एकीत पोटॅशियम क्लोरेट या औषधी क्षाराचे पाणी होते. टेलरने ते तपासले आणि शपथेवर सांगितले, की या बाटलीत आर्सेनिक आहे. झाले! डॉक्टर नवरा, पैशाचा लोभ, मृत्युपत्र आणि बाटलीत विष. लोकांच्या लेखी खटला तिथेच संपला.

पण संपला नाही, कारण टेलरच्या स्वतःच्याच प्रयोगशाळेत एक गोष्ट बाहेर आली. ती नीट समजून घेऊ. आर्सेनिक ओळखण्याची एक सोपी रीत होती. संशयित पाण्यात आम्ल घालून ते उकळायचे आणि त्यात तांब्याची बारीक जाळी सोडायची. आर्सेनिक असेल तर जाळीवर काळसर थर चढतो. टेलरने तेच केले. पण क्लोरेटच्या पाण्यात जाळी टिकेना, विरघळून जाऊ लागली. त्याने दुसरी घातली, तीही विरघळली. क्लोरेटचा जोर संपेपर्यंत त्याने जाळ्या घातल्या आणि शेवटच्या जाळीवर काळा थर दिसला. तो थर आर्सेनिकचाच होता, यात शंका नाही. फक्त ते आर्सेनिक बाटलीतले नव्हते, जाळीतले होते! बाजारातल्या तांब्यात आर्सेनिकचा थोडा अंश असतोच. एरवी तो तांब्यातच अडकून राहतो. जाळ्या विरघळल्या तेव्हा तो पाण्यात मोकळा झाला आणि शेवटच्या जाळीवर येऊन बसला. चोर शोधायला गेलेल्या पोलिसाच्याच खिशातून माल पडावा, तसे हे झाले.

टेलरला ही चूक कळली तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. त्याने भर न्यायालयात सांगितले, की बाटलीत आर्सेनिक असल्याचे माझे पूर्वीचे म्हणणे चुकीचे होते. हे सांगताना त्याला काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. ज्याच्या पुस्तकावर साऱ्या डॉक्टरांनी अभ्यास करायचा, त्यानेच म्हणायचे, की माझी परीक्षा फसली. मलाच्या पहिल्या नमुन्यात आर्सेनिक होते, हे म्हणणे मात्र त्याने सोडले नाही. प्रत्यक्ष प्रेतात आर्सेनिक मुळीच सापडले नाही; अँटिमनी या दुसऱ्या धातूचा थोडा अंश तेवढा मिळाला. बाई गरोदर होती, हेही शवविच्छेदनात दिसून आले. गरोदरपणातील ओकाऱ्या किंवा हगवण हेच मरणाचे कारण असेल, असे बचावाचे डॉक्टर म्हणू लागले. डॉक्टरांचे दोन तट पडले. ज्यूरीने तरीही स्मेथहर्स्टला दोषी ठरवले आणि त्याला फाशीची शिक्षा झाली.

त्यावर वर्तमानपत्रांतून मोठा गदारोळ झाला. डॉक्टर आणि वकील दोघेही लिहू लागले. त्या काळी इंग्लंडमध्ये फौजदारी खटल्यांसाठी आजच्यासारखे अपिलाचे न्यायालय नव्हते. तेव्हा गृहमंत्री सर जॉर्ज कॉर्नवॉल लुईस यांनी सर बेंजामिन ब्रोडी या वृद्ध, नामांकित शस्त्रवैद्याकडे सारी कागदपत्रे पाठवली. ब्रोडी यांनी अपराध सिद्ध करणारी सहा कारणे मांडली आणि शंका उत्पन्न करणारी आठ. संशय भरपूर आहे, पण निःसंशय पुरावा नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. स्मेथहर्स्टला माफी मिळाली. दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्याबद्दल तेवढी त्याला एक वर्षाची कैद झाली.

श्रोतेहो, टेलरवर तेव्हा खूप टीका झाली, आणि ती रास्तही होती. जाळी आधी पारखून घेणे हे त्याचे काम होते. हीच जाळी वापरून पूर्वी कोणाकोणाविरुद्ध साक्ष दिली असेल, हा प्रश्न लोकांच्या मनात आल्यावाचून कसा राहील? पण मला त्याच्या दोन वागणुकी वेगवेगळ्या तोलाव्याशा वाटतात. पुरती खातरजमा होण्याआधी शपथेवर ठाम बोलला, हा त्याचा दोष. चूक कळताच ती झाकली नाही, हे त्याचे मोठेपण. या दुसऱ्या गोष्टीमुळे स्मेथहर्स्टचा जीव वाचायला मदत झाली, हे विसरून चालणार नाही.

आपण म्हणाल, हे लंडनचे झाले, आपल्याकडचे काय? आपल्याकडेही ही विद्या लवकरच रुजली. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक लायन यांनी १८८९ साली खास हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचे पाठ्यपुस्तक लिहिले. पुढे १९२० साली जयसिंग मोदी यांचा ग्रंथ आला, तो आजही डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या कपाटात दिसतो. आणि टेलरच्या खटल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ साली, दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या एका खटल्यात याच प्रश्नाचा उलट्या बाजूने विचार केला.

हकीकत अशी. पुण्यातील एक सधन विधवा बाई १९५६ च्या नोव्हेंबरात रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाली. बरोबर तिच्या घरोब्यातील एक डॉक्टर होता. पहाटे ती बेशुद्ध स्थितीत मुंबईच्या इस्पितळात दाखल झाली आणि काही तासांत वारली. पुढे ती हयात असून परगावी गेली आहे, अशी खोटी पत्रे नातेवाइकांना आली आणि तिची मालमत्ता हळूहळू त्या डॉक्टरच्या हाती गेली. प्रेताच्या तपासणीत विष सापडले नव्हते. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या मूर्च्छेने मरण आले असावे, असा अभिप्राय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो अभिप्राय इतर वैद्यकीय पुराव्याशी ताडून पाहिला आणि स्वीकारला नाही. विष सापडले नाही एवढ्यावरून विष दिलेच नाही असे ठरत नाही. आधीचे आणि नंतरचे सगळे वर्तन पाहिले पाहिजे, असे म्हणून शिक्षा कायम केली. पण तीन न्यायमूर्तींपैकी एकांनी वेगळा निर्णय दिला. त्यांच्या मते विषाने मृत्यू झाल्याचे पुरेसे सिद्ध झाले नव्हते. तात्पर्य काय, तर डॉक्टरांचा अभिप्राय म्हणजे निकाल नव्हे. तो पुराव्याच्या गाड्याचा एक बैल आहे. गाडा हाकणारा न्यायाधीशच असतो.

तिसरी गोष्ट अगदी अलीकडची आणि मन विषण्ण करणारी आहे. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाची एक वकील बाई होती. तिचे पहिले मूल १९९६ च्या डिसेंबरात, तीन महिन्यांचेही नव्हते तेव्हा, झोळीतच गेले. दुसरे मूल १९९८ च्या जानेवारीत, दोन महिन्यांचे होऊन, तसेच गेले. आईनेच दोघांना मारले, असा आरोप तिच्यावर आला. खटला १९९९ साली चालला. साक्षीला सर रॉय मेडो हे नामांकित बालरोगतज्ज्ञ आले. मुलांच्या छळाची प्रकरणे उजेडात आणण्यात त्यांनी मोठे काम केले होते, हे आधी सांगितले पाहिजे. त्यांनी ज्यूरीला एक आकडा सांगितला. अशा सुखवस्तू, बिडी-सिगारेट नसलेल्या घरात एक तान्हे मूल अकस्मात दगावण्याची शक्यता सुमारे साडेआठ हजारांत एक. मग दोन मुले दगावण्याची शक्यता किती? त्यांनी साडेआठ हजारांना साडेआठ हजारांनी गुणले आणि उत्तर सांगितले: सात कोटी तीस लाखांत एक.

आकडा ऐकून कोणाचेही मन थिजेल. पण यात चूक कुठे आहे, ते शेतकऱ्याला चटकन कळेल. तुमच्या शेतात एका सरीतल्या कापसावर कीड पडली, तर शेजारच्या सरीवर पडण्याची शक्यता वाढते की तेवढीच राहते? वाढतेच. कारण बी तेच, माती तीच, हवा तीच. एकाच आईबापांची, एकाच घरातली दोन मुले म्हणजे एका शेतातल्या दोन सऱ्या. रक्तातला काही दोष असला तर तो दोघांतही असू शकतो. तेव्हा हा गुणाकारच चुकीचा. दुसरे असे, की दोन मुले अकस्मात दगावणे विरळा आहे, तसे आईने दोन तान्ही मुले मारणेही विरळाच आहे. दोन विरळ गोष्टींतली कोणती घडली, हे पाहायचे असते. एकीचाच आकडा सांगून भागत नाही. मेडो बालरोगतज्ज्ञ होते, गणिती नव्हते. आपल्या विद्येचे कुंपण ओलांडून ते दुसऱ्याच्या रानात शिरले, आणि ऐकणाऱ्यांना ते कुंपण दिसले नाही. इंग्लंडच्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने, रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने, २००१ साली जाहीरपणे या आकड्याला आक्षेप घेतला.

आणखी एक गोष्ट नंतर उघडकीस आली. दुसऱ्या मुलाच्या शरीरात रोगजंतू सापडल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल होता. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना तो ठाऊक होता, पण त्यांनी तो बचावपक्षापुढे आणलाच नव्हता. त्या जंतूंनीच मूल गेले, असे कोणी खात्रीने म्हणू शकणार नाही. पण ज्यूरीने तो अहवाल पाहायला हवा होता की नको? २००३ च्या जानेवारीत अपिलाच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. सॅली क्लार्क तुरुंगातून घरी आली, पण सावरली नाही. २००७ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ती वारली.

मेडो यांची सनद वैद्यकीय परिषदेने २००५ साली काढून घेतली. पुढच्या वर्षी न्यायालयाने ती परत दिली. चूक झाली, पण ती हेतुपुरस्सर नव्हती, असा विचार त्यामागे होता. अहवाल पुढे न आणणाऱ्या डॉक्टरांनाही परिषदेने दोषी धरले. साक्षीतल्या बोलण्याबद्दल तज्ज्ञावर त्याच्याच अशिलाने दावा लावू नये, असे संरक्षण इंग्लंडमध्ये पूर्वापार होते. तेही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली काढून टाकले.

आता या साऱ्या गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहा. हंटरने आपल्या ज्ञानाची सीमा सांगितली, तर लोकांनी त्याला कच्चा ठरवले. टेलरने सीमा ओलांडली, पण मागे वळून ते कबूल केले. क्लार्क खटल्यातील एका डॉक्टराने सीमा ओलांडल्याचे कळू दिले नाही आणि दुसऱ्याने हातात असलेली माहिती पुढे केली नाही. यांतले कोणीही पैसे खाऊन खोटे बोलले नव्हते. लाच घेऊन खोटा दाखला देणारा डॉक्टर वाईट, हे सांगायला माझ्या भाषणाची गरज नाही. अवघड प्रश्न आहे तो सज्जन डॉक्टरांचा. आपली बाजू न्यायाची आहे असे वाटल्यामुळे एक पाऊल जास्त टाकण्याचा मोह त्यांनाच होतो. मेलेल्या मुलाची कणव येते, समोरच्या माणसाचा संताप येतो, पोलीस ताटकळत असतात, गाव चावडीवर बसलेले असते. अशा वेळी ‘शक्य आहे’ या शब्दांच्या जागी ‘नक्की आहे’ हे शब्द नकळत तोंडातून निघून जातात.

म्हणून मला असे वाटते, की साक्षीच्या पिंजऱ्यात डॉक्टर ना फिर्यादीचे असावेत, ना आरोपीचे. ज्यांनी बोलावले त्यांच्या बाजूला जे अडचणीचे आहे, तेही त्यांनी न विचारता सांगावे. काय पाहिले आणि काय वाटते, हे वेगळे करून सांगावे. आपल्या विद्येबाहेरचा प्रश्न आला, तर ‘हे माझे क्षेत्र नाही’ एवढे म्हणून थांबावे. आणि पूर्वी सांगितलेले चुकले असे कळले, तर टेलरसारखे उभे राहून तसे सांगावे.

पण सगळा भार डॉक्टरांवर टाकून आपण मोकळे होऊ नये. हंटरचे ऐकले गेले नाही, ते ऐकणाऱ्यांमुळे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील एखादा तरुण डॉक्टर पाटलाला, फौजदाराला किंवा प्रेताच्या नातेवाइकांना सांगतो, की ‘मृत्यू कशाने झाला हे मला आत्ता सांगता येणार नाही, रासायनिक तपासणी येऊ द्या.’ तेव्हा आपण काय म्हणतो? ‘याला काही कळत नाही’ किंवा ‘याला दुसऱ्या पार्टीने गाठलंय.’ बरे, त्याने न थांबता ठोकून दिले असते, तर आपणच त्याला हुशार म्हटले असते! आपल्या या सवयीमुळेच डॉक्टर नको तितके ठाम बोलायला शिकतात.

इथे मला शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती करायची आहे. वर्गात एखाद्या मुलाला प्रश्न विचारला आणि तो म्हणाला, ‘गुरुजी, एवढे मला येते, याच्यापुढचे येत नाही,’ तर त्याला उभे करू नका. ठोकून उत्तर देणाऱ्या मुलापेक्षा त्याला दोन गुण जास्त द्या. त्या वर्गातलाच कोणीतरी उद्या डॉक्टर होईल, कोणी फौजदार, कोणी न्यायाधीश. पिंजऱ्यात उभा असताना, समोर कोणाचा तरी जीव टांगलेला असताना, ‘याच्यापुढचे मला सांगता येत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघायला हवे असेल, तर ते त्याने शाळेतच शिकलेले बरे.